मुलीचा दाखला काढला तेव्हा

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. माझी मुलगी मात्र अमरावतीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत होती. एसटीत सोबतच्या शिक्षिका आपापल्या मुलांच्या इंग्रजी शाळांच्या गोष्टी काढायच्या, तेव्हा मी मुद्दाम सांगायचे, "माझी महापालिकेच्या शाळेत जाते." त्याचा मला अभिमान होता.

कापसानं दगा दिलेली वर्षं होती ती. खेड्यातली माणसं कामासाठी शहरात येत, त्यांची मुलं मधूनच कधीही शाळेत दाखल होत. नोकरीवाल्यांची मुलं मात्र एकेक करून निघून चालली होती. एका शनिवारी मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं. "आणखी मुलं गेली तर हा वर्ग पुढं टिकायचा नाही," ते म्हणाले.

माझ्या मुलीच्या मैत्रिणीचे वडील उठले. अकोटहून आलेले, चौकात शिवणकामाचं दुकान होतं त्यांचं. त्यांची मुलगी वर्गात सगळ्यांत सुरेख मराठी वाचायची.

"सासरचे म्हनतात, पोरीले अकोटले उर्दू शाळेत टाका," ते म्हणाले. "पोरगी नाही म्हनते. बाई, तुमी त सोताच मास्तरीन हा. तुमीच सांगा, ठेवू का इथं?"

"ठेवा," मी म्हटलं. "माझी मुलगीही सातवीपर्यंत इथंच राहील."

"मंग माही बी राहीन." ते खाली बसले. मागच्या दोन-तीन आयांनीही माना हलवल्या.

त्या उन्हाळ्यात आम्ही अकोल्याला दिरांकडे गेलो. त्यांची मुलगी माझ्या मुलीएवढीच. तिनं घडाघडा इंग्रजी गोष्ट वाचून दाखवली. मग जाऊबाईंनी माझ्या मुलीला इंग्रजीतून काहीतरी साधंच विचारलं, तर ती माझ्या मागे लपली. परतताना नवरा म्हणाला, "तुझ्या शब्दापायी पोरीचं नुकसान करायचं का?" खरं तर तोच विचार माझ्याही मनात घोळत होता.

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात मी दाखला काढायला गेले, तेही भर दुपारी, कुणी भेटू नये म्हणून. मुख्याध्यापकांनी विचारलं, "कारण काय लिहू?"

"वडिलांची बदली," मी म्हटलं.

त्यांनी तसंच लिहिलं.

पुढं मी चौकातून जाणंच टाळू लागले. एका सकाळी शिंपीच दारात उभे राहिले. "हेडसर म्हने, तुमची बदली झाली. पोरगी घरी रडून राहिली, म्हनून भेटाले आलो. कुठं चालले, बाई?"

तेवढ्यात माझी मुलगी आतून आली. अंगावर नवा गणवेश, गळ्यात टाय. बाहेर तिच्या ऑटोचा हॉर्न वाजला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"सांगतलं असतं तं मी बी इचार केला असता," एवढंच म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

माना हलवलेल्या आयांनीही महिन्याभरात मुलं काढून घेतली. दुसऱ्या वर्षी तो वर्ग लांबच्या एका शाळेत हलवला गेला, आणि शिंप्यांनी मुलीला अकोटला आजीकडे धाडलं.

त्यांच्या दुकानाची पायरी चढायला मला काही वर्षं लागली. "माझं चुकलं," मी म्हटलं. त्यांनी मशीन थांबवली.

"तिले जड गेलं, बाई. नवी लिपी, लहान पोरींसंगं बसाचं. आता शिकते बरी. पन मराठी वाचाचं सुटलं तिचं." मग म्हणाले, "तुमी आई हा, तुमी पोरीचं पायलं. पन त्या दिवशी मी मास्तरीनबाईले इचारलं होतं."

त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. मी बसले नाही.

माझी मुलगी इंग्रजी शिकली, पुढं चांगल्या नोकरीलाही लागली. त्या शाळेची आठवण ती काढत नाही. मी मात्र निवृत्तीपर्यंत त्या खेड्यात शिकवत राहिले. दर जूनमध्ये कुणी ना कुणी आई विचारायचीच, "बाई, ठेवू का पोराले इथं, का धाडू शहरात?" आमच्या शाळेत मी मन लावून शिकवत होते, हे मला ठाऊक होतं. तरी 'ठेवा' म्हणायला जीभ उचलत नसे. "तुमचं तुम्ही ठरवा," मी म्हणायचे आणि हजेरी घ्यायला वळायचे.