शोभेचे दाणे

लखनौच्या सेंद्रिय मेळ्यात ती दोन दिवस स्वतःच्याच भल्यामोठ्या फोटोखाली उभी होती. ओडिशाच्या डोंगरात ती कॉफी पिकवते, हे मला त्या फोटोवरच्या मजकुरावरून कळलं. लोक तिच्याशी एक शब्द न बोलता सेल्फी काढून पुढे जात. पहिल्या दिवशी मीही तेच केलं, सांगायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी थांबून पाहिलं. टेबलावर शोभेसाठी परातभर कच्चे, हिरवट कॉफीचे दाणे ठेवले होते. आपण तांदूळ निवडतो तसे ती त्यातले काळे, किडके दाणे भराभर वेचून मुठीत घेत होती. स्टॉलवाला खेकसला, "अम्मा, सजावट मत बिगाड़ो! बस मुस्कुराओ."

माझं डोकंच फिरलं. "भैया, कॉफी इन्हीं की है ना?"

"अरे मैडम, ये तो बाज़ार का माल है. कौन पहचानता है!" तो चक्क हसला.

"हम पहचानते हैं," ती तुटक्या हिंदीत म्हणाली. "ऊपर मेरा मुँह, नीचे ये दाना. लोग बोलेगा, इसने उगाया."

तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी मोबाइल उचलला. ती हसली नाही. तिने मूठ उघडली आणि ते काळे दाणे कॅमेऱ्यासमोर धरले.