अंबडच्या कोर्टातलं माझं वक्तृत्व

अंबडला मास्तर होतो तेव्हा मला माझ्या बोलण्याचा भारी माज होता. निजामाचं राज्य, शाळा उर्दूत. मी उर्दू-मराठी दोन्हीत पल्लेदार भाषणं ठोकायचो आणि लोक बिचारे ऐकून घ्यायचे.

म्हणूनच शेजारच्या गावचा एक शेतकरी आपल्या तरण्या पुतण्याला माझ्याकडे घेऊन आला. पोरगा जन्माचा तोतरा. दावं तोडून सुटलेला एक बैल ओळखून तो तीर्थपुरीला मालकाकडे पोचवायला निघाल्ता, तर वाटेत शिपायानं धरला. कुणाचा बैल म्हणून विचारलं, पोराच्या तोंडून शब्द निघेना. शिपायानं वाट कशाला बघावी? "चोरला, असंच ना?" म्हणून जबाब त्यानंच पुरा केला. चुलत्यानं जामिनावर सोडवलं होतं, पण आता कोर्टात मुन्सफापुढं पोराला स्वतः सांगता आलं नाही, तर तुरुंग ठरलेला.

"मास्तर, ह्याला बोलाया शिकवा," चुलता म्हणाला.

शिपायाच्या अकलेची मी यथेच्छ कीव केली आणि तालीम सुरू केली. छाती पुढं, मान ताठ, "हुजूर" म्हणून थांबायचं. पोरगा "हु"वरच अडायचा. अडला की पुढचा शब्द मी पुरवायचो. रोज संध्याकाळी त्याची सगळी हकीकत मीच घडाघडा बोलून टाकायचो आणि काम बराबर चाललंय म्हणून खूश व्हायचो.

कोर्टात मुन्सफांनी त्याला विचारलं. तो "मी... मी..." करायला लागला आणि मागून माझा खणखणीत आवाज आला, "मी बैल पोचवायला चाललो होतो, हुजूर."

मुन्सफांनी चष्म्यावरून पाहिलं. "मास्टरसाहब, मुलजिम आप हैं या ये?"

सगळं कोर्ट हसलं आणि मला बाहेर काढलं.

ओट्यावर चपराशाशेजारी बसलो. लाजेनं कानशिलं तापली होती, पण त्याहून जास्त भीती होती, की माझ्या आगाऊपणापायी पोरगा आत जाणार. खिडकीतून त्याचा आवाज येत होता. शब्द अडायचा, मंग निघायचा, परत अडायचा. मधे कुणी तोंड घालत नव्हतं. लय वेळ लागला. पण आपण त्या मालकाकडे सालानं कामाला होतो, हा बैल उजवीकडे जुंपला की बसकण मारतो, हे सगळं त्यानं सांगितलं. बैल न्यायला मालक आल्ताच, त्यानं खरं आहे म्हणून कबूल केलं. पोरगा सुटला.

बाहेर येऊन तो माझ्या पाया पडला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. आता आभार ऐकायचे, म्हणून मी तोंड गच्च मिटून उभा राहिलो.

"मास्तर," तो सावकाश म्हणाला, "मुन्सफाची भीती न्हाई वाटली. त... तुमचीच वाटायची."