फोटोतला पांढरा किडा

केरूमामा नाशकात शाळेत विज्ञान शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी डबा कॅमेऱ्यापुढे भिंग धरून किड्यांचे फोटो काढायचा. कुणी काडेपेटीत मेलेला किडा आणला की त्याचं डोकं फिरायचं. "मढं आणू नका, फोटो आणा. नाव मी सांगतो," म्हणायचा. आणि सांगायचाही. मला त्याचा अभिमान होता, आणि या तोऱ्याचा रागही यायचा.

चौऱ्याऐंशी साली पिंपळगावच्या आमच्या द्राक्षबागेत कापसासारखे पांढरे किडे दिसले. वडील गेल्यावर आईनं एकटीनं उभी केलेली बाग, पहिलंच पीक. मामानं एका किड्याचा फोटो काढला, मोठा करून आणला आणि निकाल दिला, "पिठ्या ढेकूण. रस शोषून घड नासवतो. लगेच फवारा."

"पिठ्या जागचा हलत नाय, केरू," आई म्हणाली. "ह्यो तर लय पळतोय."

"अक्का, फोटोत बघ की. अंगावर तोच कापूस." मामा हसला. फोटोत किडा अर्थातच पळत नव्हता.

आईनं फवारलं. मामानं फोटोच्या प्रती शेजारच्या बागायतदारांना वाटल्या, मागे ठळक अक्षरांत लिहून: दिसला की मारा.

पळणारे किडे संपले. मग खोडांवर मुंग्यांच्या रांगा चढू लागल्या. पानं चिकट झाली, घडांवर काजळी धरली. आई पुन्हा फवारी, मुंग्या पुन्हा येत. बागेत आंबूस वास सुटला होता. मला तिथं जायची भीती वाटायची.

मामा आला. त्यानं खोडाची साल सोलली. आत पिठ्या गच्च भरला होता; त्याच्याच गोड चिकट्यावर मुंग्या येत होत्या. औषध तिथवर पोहोचलंच नव्हतं. विहिरीपलीकडच्या शेवटच्या वेलापर्यंत पंपाची नळी पुरत नसे. तेवढ्या एकाच वेलाचे घड स्वच्छ होते, आणि त्यावर फोटोतला किडा तुरुतुरु पळत होता. मामा वाकून बघत राहिला. किडा थांबला आणि एका पिठ्याला धरून खाऊ लागला. आम्ही ज्याला मारत सुटलो होतो, तोच बाग राखत होता.

"अक्का, तू सांगत होतीस," मामा कसाबसा म्हणाला.

"आता सांगून काय?" आई म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तेवढ्यात शेजारच्या बागेत पंप सुरू झाला. मग त्याच्या पलीकडच्या बागेतही. मामा हात उंचावून बांधाकडे धावला, "थांबवा! त्याला मारू नका!" पंपांच्या घरघरीत कुणाला ऐकू जाईना. शेजारच्या सहादूबापूंनी त्याला पाहिलं, खिशातला फोटो काढून दाखवला, आणि हसून पंपाचा जोर वाढवला.