एका गुणाची सवलत

सप्टेंबर १९९४, सोमवार. लखनौच्या विकास नगरमधल्या शाळेत, स्टाफरूममध्ये, मी आठवीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. एका मुलीचे वडील आत आले. सरकारी इंजिनियर, राहायला गोमती नगर. "नमस्कार मॅडम," म्हणाले. मराठी कानावर पडलं म्हणून मी उठून खुर्ची पुढे केली.

"आडनाव काय आपलं?"

मी सांगितलं.

"गाव?"

तेही सांगितलं. ते खुर्चीत रेलले. पुढे 'मॅडम' हा शब्द त्यांच्या तोंडी आला नाही.

लखनौत माझ्या आडनावावरून कुणाला काही कळत नव्हतं. इतकी वर्षं मी तिथे नुसती मराठीवाली मॅडम होते. ओळखायला आपल्याकडचाच माणूस लागला.

तक्रार एका गुणाची. गणित होतं १२x + ६. दोन्ही पदांतला मोठ्यात मोठा सामाईक अवयव सहा; तो बाहेर काढला की कंसात २x + १ राहतं. मुलीनं सहा बरोबर काढला आणि कंसात फक्त २x लिहिलं. सहातून सहा बाहेर काढला, आता तिथे काय राहणार, असं मुलांना वाटतं. उलट गुणून पाहिलं की चूक सापडते. मी समजावू लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं. कंसात एक हवा हे त्यांना ठाऊक होतं. गुण तरीही पाहिजे होता, कारण त्यावर मुलीचा वर्गातला पहिला नंबर अडला होता.

मी नाही म्हटलं.

आवाज न चढवता, हसतच ते म्हणाले, "तुम्ही लोक कसे पास होता ते माहीत आहे आम्हाला. तीच सवलत आमच्या मुलीला द्या की."

भोवती शिक्षिका डबे खात होत्या. शब्द कुणालाच कळले नाहीत. मायकेवाले आए हैं, माहेरची माणसं आली, म्हणून एकीनं मला चिडवलं. मी हसले.

ते प्रिन्सिपलकडे गेले. मला कायम करायचं की नाही हे दिवाळीआधी त्याच ठरवणार होत्या. त्यांनी पेपर मागवला, माझ्यासमोर गुण वाढवला. "इतनी ज़िद अच्छी नहीं," एवढंच बोलल्या. नोकरी गेली, हे मला तिथेच कळलं.

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे. कुणाला समजलं नाही ना?"

तेच खुपलं. कुणाला समजणार नाही या भरवशावर तो इंजिनियर बोलला. कुणाला समजू नये म्हणून मी हसले. माझ्या गप्प बसण्यावरच त्याचं सगळं चाललं होतं.

सकाळी प्रार्थनेआधी सगळ्या स्टाफरूममध्ये होत्या, प्रिन्सिपलसुद्धा. मी उभी राहिले. त्याचं वाक्य हिंदीत जसंच्या तसं सांगितलं. मग म्हटलं, "मेरी जात महार है. सीट रिज़र्व थी. पढ़ाई मैंने की है."

काल मला चिडवणारीनं आपली पर्स माझ्या पर्सजवळून उचलून मांडीवर घेतली. ते मी नीट पाहिलं. इथून पुढे जिथे जाईन तिथे हे आधी सांगायचं, आणि मग कोण काय उचलतं ते बघायचं, असं ठरवलं आणि आठवीच्या वर्गावर गेले.