शैलाच्या खात्यावरचं काम

"माझ्या फोनवरून, मला न विचारता, माझ्या नावाने अटी तुम्ही कशा घातल्यात?" शैलाने विचारलं.

"तू आंघोळीला गेली होतीस आणि तो माणूस पुन्हापुन्हा फोन करत होता," तिचा नवरा त्र्यंबक शर्टाची बटणं लावत म्हणाला. "वाईट काय सांगितलं? कामावर परत घेणार असाल तरच बाई येतील, म्हटलं. भाजीवाली फुकट कढीपत्ता देते तीसुद्धा गिऱ्हाईक टिकावं म्हणूनच."

तो माणूस म्हणजे विजयकुमार, शैलाचा साहेब. मंदीमुळे माणसं कमी करावी लागताहेत, असं त्याने शुक्रवारी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं. संध्याकाळी तिचं ओळखपत्र काढून घेतलं आणि तिचं कॉम्प्युटरवरचं खातं बंद केलं. शनिवारी पहाटे कंपनीचं गिऱ्हाईक असलेल्या एका हॉस्पिटलचं काम ठप्प झालं.

सर्व्हरवरचं प्रत्येक काम कुणाच्या तरी खात्याच्या अधिकारात चालतं. ते खातं बंद, की काम बंद. रक्ततपासण्यांचे अहवाल पहाटे वॉर्डावॉर्डांत पोचवायचं काम शैलाच्या खात्यावर चालायचं. त्यासाठी वेगळं खातं हवं होतं, त्या कामापुरतेच अधिकार असलेलं. पण मंजुरी वरून यायची आणि हॉस्पिटलला घाई होती. आत्ता तुमच्यावर टाका, मग बघू, असं विजयकुमार म्हणाला होता. ते 'मग' कधी आलंच नाही. खरं तर शैलानेही फारसं रेटलं नाही. आपण इथे कुकर लावतोय आणि तिकडे आपल्या नावाने काम चाललंय, हे तिला आवडायचं.

मिरजेहून ती लग्न होऊन तमिळ मुलखात वेस्ट मांबलमला आली तेव्हा कुणाची बायको एवढीच तिची ओळख होती. त्र्यंबक रेल्वेच्या ऑफिसात. लेक निधी शाळेत जायला लागल्यावर शैलाने कॉम्प्युटरचा क्लास लावला, तेव्हा सासूबाईंनी त्याला हौस म्हटलं होतं. पुढे शहराच्या टोकाला शोळिंगनल्लूरला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. कंपनीच्या बसमध्ये सगळ्या पोरीबाळींत ही एकटी पिकल्या केसांची. पण सर्व्हर अडला की सगळे तिच्याच टेबलाशी यायचे.

त्या कामाची जोडणी शैलालाच ठाऊक होती, त्यामुळे आता कुणालाच ते सुरू करता येत नव्हतं. नोकरीतून गेलेल्या माणसाचं खातं पुन्हा उघडत नाहीत, असा नियम होता. त्र्यंबकने नेमकं तेच धरून ठेवलं होतं. तुला परत घेतील, खातं उघडेल, काम पहिल्यासारखं चालेल, असं तो पुन्हा सांगू लागला. तिच्या वयाच्या बाईला या दिवसांत दुसरीकडे कोण उभं करणार, हेही त्याने ऐकवलं. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

शैला भात उतरवून ओट्याशी उभी राहिली. सकाळी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून धनलक्ष्मीचा फोन आला होता. शैलाला काढलंय, हे तिला ठाऊकच नव्हतं. अहवाल आम्ही हातोहात पाठवतोय मॅडम, काल एक भलत्याच खाटेवर गेला, वेळीच कळलं म्हणून बरं, असं ती दमल्या आवाजात म्हणाली होती.

"वेगळं खातं करून ते काम त्यावर लावता येईल," शैला म्हणाली. "विजयकुमारने वरून मंजुरी आणली तर एका सकाळचं काम आहे. आता आणेल तो."

निधी कॉलेजची बॅग भरता भरता थांबली. "बट आई, ते केलंस तर त्यांना तुझी गरजच नाही ना उरणार?"

"नाही उरणार."

"मग तुझ्याइतकी शहाणी तूच," त्र्यंबक म्हणाला.

शैलाने त्याचा डबा भरला, झाकण दाबून बसवलं आणि त्याच्यापुढे ठेवला.

"मी आत्ता निघतेय," ती म्हणाली. "ते काम वेगळ्या खात्यावर लावून दुपारी घरी येईन. नोकरीचं मी बोलणार नाही, आणि तुम्हीही पुन्हा कुणाला फोन करायचा नाही."