राख की गोळी

लंगोटाची गोष्ट सांगतो म्हटल्यावर तुम्ही लगेच तालमीत जाऊन बसला असाल. लाल माती, तेल चोपडलेले पैलवान, दंडावर थाप. उठा तिथून, कपडे झटका. आणि गोष्ट सुरतची आहे म्हटल्यावर ज्यांना वाटलं की आता लंगोटात हिरा सापडणार, त्यांनीही उठा. माझ्या गोष्टीतला लंगोट विताएवढा आहे, आणि त्यात जे सापडायचं ते दिवसातून अनेकदा सापडायचं.

लंगोट माझ्या पोरीचा. बाळंतपण माहेरी, अंमळनेरजवळच्या खेड्यात झालं आणि मग बायको तिला घेऊन सुरतेला परत आली. कतारगामात आमची भाड्याची खोली. सोबत सासूबाई आल्या. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मामींना माझी बायको ही एकच लेक, मुलगा नाही, सासरेही गेलेले. त्यामुळे त्या लेकीला सोडायला आल्या होत्या की परत न्यायला, याबद्दल मला पहिल्या दिवसापासून संशय होता.

पोरगी आली ती आली आणि तिच्या मांड्यांवर लाली आली. तिची कातडीच अशी, की मी दाढी न करता पापा घेतला तरी गाल तासभर लाल. पण ही लाली वेगळी होती. बारीक पुरळ, ओलं लागलं की किंचाळायची. लंगोट सोडला की लालीचा आकार अगदी लंगोटाचाच दिसायचा.

मामी म्हणाल्या, "जावईबापू, हिला इथलं मानवत नाही. या रविवारच्या पॅसेंजरने मी दोघींना घेऊन जाते. पोरगी सुधरली की बघू."

बघू! मी बायकोकडे बघितलं. ती पोरीकडे बघत होती. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. पोरगी इतके दिवस तिकडे होती, मी तिला धड ओळखायला लागलो होतो तेवढ्यात परत गाडी.

एक सांगून ठेवतो. मामी माझ्याशी बोलताना मराठी काढायच्या. घरात, लेकीशी, शेजारणीशी अहिराणी. माझ्याशी मात्र 'जावईबापू' आणि 'आपण', लग्नाला जाताना ठेवणीतली साडी नेसावी तसं. मीही खानदेशातलाच, मला सगळं कळायचं. पण जावयाशी अंतर ठेवून बोलायचं म्हणजे तसंच बोलायचं. आणि मी मेला नकलाकार. तालुक्याच्या शाळेत मुख्याध्यापकांचा आवाज काढून अख्ख्या वर्गाला सुट्टी दिलेला माणूस. मामी बाहेर गेल्या की मी टॉवेलचा पदर डोक्यावर घेऊन बायकोला म्हणायचो, "जावईबाऽऽपू, सुरतचं पाणी मला संशयी वाटतं." बायको हसायची. एकदा हसता हसता थांबली. मागे दारात मामी उभ्या होत्या, हातात दुधाची पिशवी. पिशवी माझ्या हातात दिली आणि आत गेल्या. 

संशयाची पहिली पाळी खरंच पाण्याची आली. मग साबणाची. मग शेजारणीची, कारण ती पोरीला बघून फार गोड हसायची. मग माझी. "आपण मिलमधून येता तसे तिला घेऊ नका. आपल्या अंगाला रंगाचा वास येतो." मी पलसाण्याला एका मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होतो. रंगून, वाळून आलेलं कापड तपासायचं, घडी घालायची. रंगाशी माझा संबंध डोळ्यांपुरता. तरी बसमधून उतरलो की सरळ मोरीत जायचो, अंग घासायचो आणि मगच पोरीला हात लावायचो. लाली तशीच.

मग लंगोटावर आलो. लंगोटाचे दोन भाग. बाहेरचा तिकोनी, नाडीचा, तो मी रिंगरोडच्या कापडबाजारातून आणलेला. आणि आत घालायची चौकोनी घडी, जी अंगाला लागते, तिला मामी 'अस्तर' म्हणायच्या. अस्तर मामींनी इकडे निघताना खास करून गावाहून आणलं होतं. स्वतःची जुनी गुलाबी साडी फाडून केलेले चौकोन, कडा हाताने दुमडून टीप घातलेले. "ह्यांनी अंमळनेरच्या बाजारातून आणली होती. सुती. किती पाण्यांतून निघाली बघा, लोण्यासारखी." खरंच लोण्यासारखी होती. शिवाय दोरीवर टाकली की माझे लंगोट ओले असताना मामींचे चौकोन वाळून फडफडायचे. मामी ते मला मुद्दाम दाखवायच्या. "बघा. आणि हे आपलं सुरतचं."

झालं. चोर ठरला. सुरतचं कापड आणि ते आणणारा जावई.

आता हे खोटं आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? सुरतेत कापडाला तोटा नाही, पण बाळाच्या ढुंगणाला चालेल असं कापड शोधायला निघालात तर चपला झिजतील. आमच्या अख्ख्या मिलमध्ये घाम पुसेल असा एक तुकडा नव्हता. कपाळावरून फिरवला की घाम इकडचा तिकडे. नुसता पॉलिस्टरचा चकचकाट.

शनिवारी मिलला सुट्टी होती. मी म्हटलं, "मामी, चला. तुम्ही निवडा, मी पिशवी धरतो. लंगोट आणि अस्तर, दोन्ही नवं घेऊ."

"अस्तर नको. तान्ह्याच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. बाहेरच्यापुरतं घेऊ." मग पायात चपला सरकवत, "तरी उद्या गाडी आहेच."

दुकानदाराने आम्हाला बघताच गादीवर बोलावलं. "आवो मासी, आवो! बेबी माटे? आ जुओ, प्योर कोटन. मलमल. माखण जेवुं, एकदम लोणी."

त्याचं ते 'कोटन' मी मनातल्या मनात दोनदा घोळवून ठेवलं, पुढे कामाला येणार होतं.

मामींनी कापड आधी चिमटीत चोळलं. मग वास घेतला. मग डोळा मिटून पापणीवरून फिरवलं. मग बोट जिभेला लावून त्यावर थुंकीचा ठिपका ठेवला आणि तो पसरतो का ते बघत बसल्या. दुकानदारही बघत बसला. ठिपका पसरला.

"खळ आहे याच्यात," मामी म्हणाल्या.

"धोई नाखो, नीकळी जशे."

"आणि टेरिकॉट असलं तर?"

दुकानदाराच्या जिवाला लागलं. त्याने काडेपेटी काढली. सुरतेत ही परीक्षा शेंबड्या पोरालाही येते. एक धागा ओढायचा, काडी लावायची. सुती असेल तर कागदासारखा जळतो, चिमटीत भुरभुर राख. नायलॉन, पॉलिस्टर असेल तर धागा आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक काळी गोळी बसते. त्याने धागा जाळला. राख.

मामी माझ्या कानाशी आल्या. "त्याने धागा खिशातून काढला."

"मामी, माझ्यासमोर ताग्यातून ओढला."

"आपलं लक्ष कुठे होतं? आपण त्याचं तोंड बघत होता, नक्कल करायला."

हे खरं होतं. मामींनी ताग्याच्या पार आतल्या घडीतून स्वतः धागा ओढला, काडी स्वतः लावली, राख स्वतः चोळली, वास घेतला. मग म्हणाल्या, "फाडा."

घरी येऊन मलमल दोन पाण्यांतून काढली, बायकोने तिकोन कापले, टिपा मारल्या. दुपारपर्यंत पोरगी नव्या लंगोटात. आत अर्थातच मामींचं गुलाबी अस्तर. तासाभराने सोडून बघितलं तर अस्तर ओलं होऊन अंगाला चिकटलेलं, पोरगी किंचाळतेय, आणि बाहेरची मलमल ओलं पिऊन जड झालेली. मामींनी खाटेखालची पिशवी ओढली आणि पोरीच्या टोप्या भरायला घेतल्या.

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. खिशात काडेपेटी होती. माणसाचं डोकं फिरलं की तो सिगरेट ओढतो, मी धागे ओढायला लागलो. माझ्या शर्टाचा धागा, गोळी. खिडकीचा पडदा, गोळी. पोरीची टोपी, राख. मलमल, राख. शेजारणीचा परकर वाळत होता, त्याच्याकडेही बघितलं, पण तेवढा वेडा झालो नव्हतो. मग हात दोरीवरच्या गुलाबी चौकोनाकडे गेला. खरं सांगतो, संशय म्हणून नाही, ओघात गेला. धागा ओढला, काडी लावली.

थोडी राख झाली. आणि राखेच्या टोकाला गोळी.

मला काडीचा संशय आला. दुसरी काडी लावली. गोळी. दुसऱ्या चौकोनाचा धागा. गोळी. नखाने दाबली, फुटेना. मग एकदम ते दोरीवर भुर्रकन वाळणारे चौकोन डोळ्यासमोर आले. सुती कापड इतक्या लवकर वाळतं का कधी? जे पाणी पीतच नाही ते वाळणारच. म्हणजे पोरीचं ओलं तिच्याच अंगावर बसून राहत होतं.

बायकोला खुणेने बाहेर बोलावलं. "मिक्स माल आहे. मामींची साडी."

"पुरे तुमची नाटकं."

"नाटक नाही गं!"

"तुमचं 'नाटक नाही' पण असंच असतं."

नकलाकाराची हीच मरणाची पंचाईत. मी काडेपेटी तिच्या हातात दिली. तिने धागा ओढला, जाळला, चिमटीत धरला. बराच वेळ बोटं चोळत राहिली. मग हळूच म्हणाली, "आईला सांगू नका. बाबांनी आणलेली आहे."

"मग उद्या गाडीत बसणार?"

तिने दोरीवरचा चौकोन ओढून माझ्या हातात ठेवला. या वेळी बघितलं ते माझ्याकडे. तेवढं मला पुरलं.

आत गेलो. सरळ आवाजात सांगायची हिंमत होईना, म्हणून दुकानदाराला पुढे केला. हात जोडून, मान वाकडी करून म्हटलं, "मासी, माफ करजो. आ कोटन नथी."

मामींनी टोपी खाली ठेवली. माझ्या हातातला चौकोन बघितला, मग गोळी. काडेपेटी मागितली. दारात उकिडव्या बसून त्यांनी स्वतः एक धागा जाळला. मग दुसऱ्या कडेचा. मग टिपेचा दोराही जाळला, तो मात्र राख झाला. टीप त्यांची स्वतःची होती.

"दुकानदार म्हणाला होता ह्यांना," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "सुरतचा माल आहे, एक नंबर सुती." मग माझ्याकडे बघितलं, जणू तागा मीच घडी घालून अंमळनेरला पाठवला होता.

उठल्या, उरलेली मलमल घेतली आणि चौकोन फाडायला बसल्या. पिशवी अर्धी भरलेली तशीच राहिली. रविवारी कुणी गाडीचं नाव काढलं नाही, मी तर घड्याळही उलटं ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात लाली फिकी झाली, पोरगी ओली असतानाही हातपाय उडवायला लागली. मामी परत निघतील, एकट्या, असं दिसायला लागलं.

एका सकाळी मामींनी अंगावरचीच जुनी निळी साडी चाचपून म्हटलं, "जाण्याआधी हिचेही चौकोन करून देते. ही तरी नक्की सुती आहे."

 नक्की म्हटलं की माझा हात शिवशिवतो. मामी पोरीला मांडीवर घेऊन पाठमोऱ्या बसल्या होत्या, पदर जमिनीवर लोळत होता. मी हळूच एक धागा ओढला, दोन पावलं मागे सरलो आणि काडी ओढली.

काडीचा आवाज झाला आणि मामी गर्रकन वळल्या. मराठीची ठेवणीतली साडी गळून पडली. 'जावईबापू'ही गेले, राहिली घरची अहिराणी.

"मेल्या! तुले काही लाज शे का रे? पाठमागे काडी लावस? आज लुगडं, उद्या मले लावशी! मी मरी गऊ का तूच काडी लावशी ना, मले दुसरं कोन शे? तवय देखी ले धड, राख व्हस का गोळी! तवलोंग गप बठ! आन् दे ती काडेपेटी आठे, चहा मांडना शे."