आबांच्या नावापुढचं ‘नाही’

सुगंधा घाडीगावकर अकरा वर्षं भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत आरोग्य सेविका आहे. पायऱ्या चढायच्या, दार वाजवायचं आणि विचारायचं: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कुणाला? ताप? रात्री घाम? वजन उतरलंय? कुणी दार अर्धवट उघडून “काय नाय, काय नाय” म्हणालं तरी ती हलत नसे. “ताई, आतल्यांना पण विचारा ना,” म्हणून उभी राहायची. तिच्या या हट्टामुळे वस्तीतले बरेच टीबीचे रुग्ण वेळेत सापडले होते. केंद्रातल्या बाकीच्या बायका तिला गमतीने सीआयडी म्हणायच्या.

जानेवारीत क्षयरोगाची घरोघरची पाहणी होती. शेवटच्या दिवशी तिची गल्ली पुरी झाली आणि फक्त स्वतःच्या घराचा फॉर्म राहिला. तो तिने घराबाहेरच्या ओट्यावर बसून, चपलाही न काढता भरला. नवरा नितेश, मुलगी दिशा, सासरे दशरथ, ती स्वतः. चौघांच्या नावापुढे तिने भराभर ‘नाही’ लिहिलं. आबा तेव्हा आत पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. मध्ये फक्त एक पडदा होता.

आबा म्हणजे दशरथ, वय शहात्तर. तीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेला माणूस. त्यांना खोकला होताच, पण तो इतका जुना की घरात कुणाला ऐकूच येत नसे. सकाळी उठल्यावर पाच-सहा वेळा खोकायचे, मग चहा. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “हो खोकलो मिलचो आसा.”

त्या हिवाळ्यात त्यांचं जेवण कमी झालं. आधी एक भाकरी, मग अर्धी, मग नुसती पेज. पायऱ्या उतरून नाक्यावर जुने दोस्त भाऊरावांकडे गप्पा मारायला जाणं बंद झालं. दुपारभर झोपून असायचे. सुगंधा कपाळाला हात लावून बघायची, अंग थंड असायचं. ताप नाही म्हणजे आजार नाही, असं तिने ठरवून टाकलं. एकदा तिने खास त्यांच्यासाठी बांगड्याचं तिखलं केलं. त्यांनी दोन घास खाऊन ताट सारलं, तशी ती भडकली.

“आबा, दिवसभर पाय तोडून येते मी. वर हे नखरे कोणी सांभाळायचे?”

आबांनी ताट परत ओढलं आणि आणखी दोन घास कसेबसे गिळले. “वय झाला गो आता,” एवढंच म्हणाले. सुगंधालाही तसंच वाटत होतं. वय झालं की माणूस आटतोच.

आबांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नव्हतं. म्हणून दिशा संध्याकाळी कॉलेजातून आली की त्यांच्या पलंगावर बसून पेपर वाचून दाखवायची. ऐकूही कमी यायचं, त्यामुळे अगदी डोक्याला डोकं लावून. दिशा अठरा वर्षांची, मुलुंडला कॉमर्सला.

एप्रिलच्या सुरुवातीला दिशाला ताप भरला. एकशे तीन. उजव्या कुशीत इतकं दुखायचं की श्वास अर्ध्यावर तुटायचा. तीन दिवसांत मुलीचा चेहरा ओळखू येईना. एक्सरेत उजवी बाजू अर्धी पांढरी दिसली. फुफ्फुसाभोवती पाणी भरलं होतं. हॉस्पिटलात सुईने लिटरभर फिकट पिवळं पाणी काढलं, ते सुगंधाने दाराच्या काचेतून पाहिलं. तपासणीत टीबी निघाला.

तिथल्या डॉक्टर गंधाली तिशीतल्या होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, “घरात कुणाला खोकला?”

“नाही मॅडम. मी स्वतः फील्डवर आहे. घराची पाहणीसुद्धा मीच केलीय.”

“तरी सगळ्यांना तपासू या. नियमच आहे.”

नितेश आणि सुगंधाचे एक्सरे साफ आले. आबांच्या दोन्ही फुफ्फुसांत डाग होते. बेडक्यात जंतू सापडले, तेही भरपूर. सुगंधा रिपोर्ट हातात धरून उभी राहिली.

“पण मॅडम, त्यांना ताप नाही. एक दिवससुद्धा नाही. आणि ही पोरगी नुसती होरपळली. असं कसं?”

डॉक्टरांनी तिला बसवलं. “ताप, घाम, छातीतलं ते पाणी, हे जंतू आणत नाहीत. आपलं शरीर आणतं, जंतूशी भांडताना. दिशाचं शरीर तरुण आहे, ते जोरात भांडलं म्हणून आपल्याला लगेच कळलं. या वयात तो जोर राहत नाही. आत बारीक सूज सतत असते, तीच भूक मारते, वजन खाते. पण ताप येण्याइतकी ती उसळत नाही. म्हाताऱ्या माणसाचा टीबी ओरडत नाही, सुगंधाताई. अशा वेळी जेवण बघायचं, झोप बघायची. आजोबांचं वजन कधीपासून उतरतंय?”

सुगंधाला उत्तर येत होतं. डिसेंबरपासून. आबांच्या पायजम्याची नाडी तिनेच दोनदा आवळून बांधून दिली होती.

ती दुसऱ्या दिवशी केंद्रात गेली आणि जानेवारीचा गठ्ठा काढला. आबांच्या ओळीत खोकला नाही, ताप नाही, घाम नाही, वजन उतरणं नाही. तिचंच वळणदार अक्षर. खोलीत कुणी नव्हतं. दोन ठिकाणी ‘नाही’चं ‘होय’ करून, तारीखही बदलून टाकावी, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि तेवढ्यानेच तिला शरम वाटली. फॉर्म जागच्या जागी ठेवून ती केंद्राच्या प्रमुख, मोठ्या बाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “होतं गं असं. घरातलं माणूस दिसत नाही.” त्यांनी समजूत घातली हेच तिला जास्त लागलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आबांनी स्वतःचं ताट, पेला वेगळा काढून दाराशी ठेवला होता. बोलताना तोंड भिंतीकडे करायचे.

“माझ्यामुळे झाला ह्या,” ते म्हणाले. “पोरीच्या बाजूक मी बसूक नको होता.”

सुगंधा खाली त्यांच्या पायाशी बसली. “तुमच्यामुळे नाही आबा. जानेवारीत मी सगळ्या वस्तीला विचारलं. तुम्ही पडद्याआड होतात, तुम्हाला नाही विचारलं. लिहून मोकळी झाले. आणि वर जेवत नाही म्हणून तुमच्यावर ओरडत होते.”

आबा म्हणाले, “इचारलं असतंस तरी मी नायच सांगितलं असतंय.”

ते खरंही असेल. पण विचारलंच नव्हतं, हे त्यामुळे बदलत नव्हतं.

दिशाला तिने फॉर्मचं जूनमध्ये सांगितलं. तोवर ताप उतरला होता, पण परीक्षा बुडाली होती. गोळ्यांनी लाल होणारी लघवी, मळमळ, मैत्रिणींचे कमी झालेले फोन, हे सगळं पोरगी सोसत होती. ऐकून ती पटकन म्हणाली, “म्हणजे शेजारच्या आजींना तू उन्हात चालवत तपासायला नेलंस, आणि आबांना पडदा बाजूला करून विचारलं नाहीस?”

“नाही विचारलं.”

“वर्ष गेलं माझं, आई.”

“माहितीये.”

दिशा आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलली. नितेश मध्ये पडायला गेला तेव्हा सुगंधानेच त्याला थांबवलं. “राहू दे. तिला राग यायलाच हवा.”

दोघांच्या गोळ्या सुगंधाने स्वतः दिल्या, एकही दिवस न चुकवता. दिशाचं शरीर भराभर सावरलं. ऑगस्टमध्ये ती पायऱ्या धापा न टाकता चढली, आणि त्या दिवशी आईशी पहिल्यासारखी भांडलीही. आबांचे जंतू गेले, पण अंग भरलं नाही. फुफ्फुसं जिथे खराब झाली ती झालीच. चार पावलं चालले की थांबायचे. तीन महिने आधी औषध सुरू झालं असतं तर? सुगंधाने डॉक्टरांना हे एकदाच विचारलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. “थोडा फरक पडला असता,” म्हणाल्या.

आता फील्डवर तिला वेळ लागतो. कुणी “म्हातारीला काय झालंय, नुसती पडून असते” म्हटलं की ती चपला काढून आत जाते आणि म्हातारीशी बोलते. काय जेवलात, बाहेर कधी गेला होतात, ब्लाउज ढिले झालेत का. सप्टेंबरात एका अशा आजीला टीबी निघाला. घरच्यांनी सुगंधाचे आभार मानले. तिला ते ऐकवेना, ती लवकर निघाली.

ऑक्टोबरात औषध संपलं आणि आबांनी गावी जायचा धोशा लावला. कणकवलीजवळच्या घरात पुतण्या असतो. नितेश त्यांना सोडून आला. सुगंधा रोज दुपारी फोन करते.

“आबा, जेवलात?”

“जेवलंय गो.”

“काय जेवलात?”

“भात, आमटी. पोटभर.”

ते खोटं बोलत असतील, हे तिला कळतं. फोन ठेवून ती पुतण्याला लावते आणि विचारते, ताटात किती उरलं होतं.